सोल्युशनवरची जागा

२ जून, सोमवार

वही टिल्लीची आहे, दहावीच्या गणिताची. पुढची पंधरा पानं तिच्या आकडेमोडीने भरलेली, मागची कोरी. म्हणाली, "आबा, दिवसभर भिंतींशी बोलत बसता, त्यापेक्षा यात लिहा." म्हणून लिहितो. मी स्वतः दुसरीच्या पुढे गेलो नाही. कारखान्यात बुटांच्या पंजात कोंबायला रद्दी यायची. कोंबण्याआधी ती मांडीवर सरळ करून वाचायची, असं करत करत अक्षर ओळखीचं झालं. बातमी नेहमी अर्धीच मिळायची. उरलेली दुसऱ्या पायात गेलेली असायची.

टिल्ली म्हणजे माझी नात, लेकीची मुलगी. जावई गेल्यापासून दोघी माझ्याकडेच आहेत. लेक लॉन्ड्रीत इस्त्रीला जाते. एका इस्त्रीवर तीन पोटं चालत नाहीत, म्हणून आज टिल्लीला आमच्या कारखान्यात घेऊन गेलो. आमच्या म्हणायची सवय काही जात नाही. अडतीस वर्षं तिथे फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या लाकडी साच्यावर, बूट ताणून चढवले. अजूनही गेटवरचा माणूस "या मास्तर" म्हणून खुर्ची पुढे करतो.

मुकादमाने फॉर्म काढला. "वय?"

टिल्ली म्हणाली, "सोळा पूर्ण."

त्याने पेन खाली ठेवलं. "मास्तर, अठराच्या खालचं आपण घेत नाही. निदान कागदावर तरी."

मी फॉर्म माझ्याकडे ओढला आणि जन्मसाल दोन वर्षं मागे घेऊन माझ्याच हाताने लिहिलं. खाली जबाबदार म्हणून सही केली. दोन वर्षांनी काय कुणाचं घोडं अडतंय. मुकादम हसून म्हणाला, "साल वाढवलंत, उंचीचं काय करणार?" मी म्हटलं, "फर्म्यावर चढवून ठेवू रात्रभर. सकाळपर्यंत वाढेल."

तिला सोल्युशनवर बसवलं. सोल आणि वरचा भाग दोन्हीवर ब्रशने सोल्युशन फिरवायचं, वाळत आलं की दाबून बसवायचं. मी होतो तेव्हा सगळी शिलाई असायची, सोल्युशन कडेला बोटभर. आता सगळा बूटच चिकटवतात, पिंपच्या पिंप येतात. मुकादम म्हणाला, "त्या जागेवर कोणी टिकत नाही. वर्षात ही तिसरी." आजच्या पोरींना धीर नाही, दुसरं काय. आमची टिकेल.

निघण्याआधी तिच्याजवळ बसून दोन गोष्टी शिकवल्या. समोर पाटी आहे: काम करताना खिडक्या उघड्या व पंखा चालू ठेवावा. ती मी तिला वाचून दाखवली आणि सांगितलं, ही तपासायला येतात त्यांच्यासाठी. वारा लागला की सोल्युशनवर दुधासारखी साय धरते. वरून वाळलेलं दिसतं, आत ओलं. महिन्याभरात बूट तोंड उघडतो आणि जोड परत येतो. परत आलेल्या जोडाचे पैसे तुझ्याच पगारातून जाणार. तेव्हा पंखा बंद, खिडकी बंद. खिडकीची कडी अडकत होती, तिला मीच तेलाचं बोट लावून दिलं.

५ जून, गुरुवार

टिल्ली आल्या आल्या आडवी झाली. "आबा, न पिता झिंगलेय मी." मी म्हटलं, चार दिवसांत नाक मरतं, मग काही वाटत नाही. लेक म्हणाली, "नाक मेलेलं बरं असतं का बाबा?" तिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे. आईवर गेली.

११ जुलै, शुक्रवार

मुकादम बाजारात भेटला. महिन्याभरात टिल्लीचा एकही जोड परत आलेला नाही. माझी छाती दोन बोटं पुढे आली. घरी येऊन तिला सांगितलं, तर ती नुसती "हं" म्हणाली. वास येईनासा झालाय म्हणते. बघ, मी म्हटलंच होतं.

बोटांना सोल्युशन चिकटून सालपटं निघतात. थिनरमध्ये बुडवून चोळ, लगेच निघतं, असं सांगितलं. जेवण मात्र कमी झालंय. या वयात मुली अशाच उंच होतात आणि वाळतात.

२० ऑगस्ट, बुधवार

पायाच्या बोटांना मुंग्या येतात म्हणे. दहा तास एका जागी बसल्यावर दुसरं काय होणार. तेल कोमट करून चोळून दिलं. मी चोळत होतो आणि ती वर बघत काहीतरी सांगत होती. मी गमतीने करंगळी जोरात दाबली, तर बोलायची थांबली नाही. गप्पांत एवढी रंगली होती.

१४ सप्टेंबर, रविवार

काल पोट धरून हसलो. टिल्ली संध्याकाळी घरी आली ती एका पायात चप्पल घालून. दुसरी कुठे? तिलाच ठाऊक नाही. लेक म्हणाली, "चपला बनवणाऱ्याची नात, आणि रस्त्याने एक पाय अनवाणी." मी परत मागे चालत गेलो. कोपऱ्यावरच्या चढावर चप्पल मिळाली, रस्त्याच्या मधोमध. "अगं, एवढं लक्ष कुठे असतं?" म्हणून विचारलं. ती पण हसली. मग आत जाऊन पायाकडे बघत बसली होती. तिला वाईट वाटलं असेल, पण एवढं हसण्यावारी नेलं तर बिघडतं काय.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज मी रागावलो, आणि ते लिहून ठेवतो.

कप फुटला. महिन्याभरातला तिसरा. "हाताला लोणी लावून आलीस का?" म्हणालो. जिना चढताना कठडा धरून म्हातारीसारखी चढते. मनात आलं, पोरगी कुणाच्या नादी लागली की काय, जिवाला घोर लावून घेतलाय. लेकीला तसं बोललोही. ती म्हणाली, "बाबा, ती घरी येते आणि झोपते. नादी लागायला वेळ कुठाय तिला?"

मग टिल्लीच जवळ आली. "आबा, मला शिलाईवर घेतील का?"

"का गं?"

"असंच. ते सोल्युशन मला मानवत नाही."

मी म्हटलं, चार महिन्यांत जागा बदलून मागितलीस तर लोक काय म्हणतील? मास्तरांची नात म्हणजे नाजूक कारभार. वर्ष होऊ दे, मग मी स्वतः मालकांशी बोलेन. धाकट्या मालकांना मी फर्म्यांच्या ढिगावर खेळताना पाहिलंय, माझा शब्द ते टाकणार नाहीत.

ती बरं म्हणाली. ती नेहमी बरं म्हणते.

१९ ऑक्टोबर, रविवार

चहाच्या टपरीवर मुकादम. म्हणाला, "तुमची नात शिलाई मागत होती. पाय जड होतात म्हणे. मी म्हटलं आधी मास्तरांना विचारतो. काय करू? मावशीकडे एक मशीन रिकामं आहे."

मावशी म्हणजे शिलाई खात्यातली थोराड बाई, मी होतो तेव्हापासूनची.

माझ्या मागे परस्पर विचारलं याचा थोडा राग होता. म्हटलं, "बसू दे तिथेच. सवय होईल." त्याने चहाचे पैसे दिले.

४ नोव्हेंबर, मंगळवार

टिल्ली कारखान्याच्या पायऱ्यांवरून पडली. तिथल्या दोघी जणींनी रिक्षात घालून आणली. हनुवटीला टाका पडला, पण ते काही नाही. उजवा पाय उचलला की पाऊल खाली लोंबतं. ती ते उचलायला बघते, चेहरा लाल होतो, आणि पाऊल आपलं लोंबतंच. मी हाताने सरळ करून दिलं. सोडलं की पुन्हा लोंबलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मोठ्या दवाखान्यात नसांच्या डॉक्टरबाई. छोट्या हातोडीने गुडघ्यावर मारलं. पाय उडायला हवा होता, उडाला नाही. टाचणीने टोचत टोचत वर गेल्या. नडगीच्या अर्ध्यावर टिल्ली म्हणाली, "आता लागलं."

"काम काय करतेस?"

"बुटांना सोल्युशन लावते."

बाईंनी हातोडी खाली ठेवली. "खोलीला खिडक्या आहेत?"

"एक आहे," टिल्ली म्हणाली. "उघडत नाही. अडकलीय ती."

मी सांगायला तोंड उघडलं, तिने माझा हात दाबला. खिडकी चांगली उघडते, कडीला मीच तेल लावलंय. घाबरून गोंधळली असेल बिचारी, म्हणून मी गप्प राहिलो.

बाईंनी समजावून सांगितलं. आताच्या सोल्युशनमध्ये जे पातळ करायला घालतात त्याची वाफ श्वासातून जाते, कातडीतूनही जाते, आणि नसा टोकाकडून मरायला लागतात. आधी पायाची बोटं, मग पाऊल, मग हात. काम आजपासून बंद. बंद केलं तरी दोन-चार महिने वाढत जाईल. मग थांबेल. मग किती परत येईल ते नसांवर.

"वय काय?"

"सतरा चालू."

बाई लिहायच्या थांबल्या. म्हणाल्या, या वयाच्या मुलीला या कामावर बसवायला कायद्याने बंदी आहे. उपचार, दुसरं काम, भरपाई, सगळ्यावर तिचा हक्क आहे. त्यांनी चिठ्ठी दिली.

मी येताना टिल्लीला म्हटलं, धाकट्या मालकांना चिठ्ठी दाखवली की झालं. खिडकीचं मी विचारलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

मालकांनी चहा मागवला. चिठ्ठी दोनदा वाचली. मग कपाटातून फॉर्म काढून माझ्यापुढे ठेवला. "मास्तर, हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"यात तिला अठरा पूर्ण आहेत. खाली सही?"

"माझीच."

"मग आता वय कमी कसं झालं?" आवाज कुठे चढला नाही. उलट वाईट वाटल्यासारखा होता. "पाटी लावलीय मी भिंतीवर. खिडकी उघडी ठेवा म्हणून. तुम्ही तर वाचता. खिडकी बंद ठेवायला मी सांगितली का?"

परत आलेल्या जोडाचे पैसे कापायचा नियम त्यांचाच, पण तो आठवला बाहेर आल्यावर. त्यांनी दारापर्यंत पोचवलं. अजूनही मान ठेवतात माझा. एवढं मात्र खरं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

लेकीने ओढून कामगार कार्यालयात नेलं. दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. टिल्लीला लेकीने पाठीवर घेतलं. लोक बाजूला होत होते.

निरीक्षक बाई तरुण आहेत, शिंका येत होत्या त्यांना, तरी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आजोबा, कागदावर वय वाढवल्याने मूल मोठं होत नाही. शाळेचा दाखला आहे ना? वय तपासायची जबाबदारी मालकाची होती. शिवाय अठराची असती तरी पिंपात काय आहे हे तिला सांगायला हवं होतं. त्रास होतो म्हणाली की त्या जागेवरून उठवायला हवं होतं. हा तिचा हक्क. तुम्ही खोटं साल लिहिलंत, त्याची कारवाई तुमच्यावरही होऊ शकते. तरी लिहून द्याल?"

मी देतो म्हणालो. लेक माझ्याकडे बघत होती.

मग बाईंनी डॉक्टरांचा कागद वाचला. "खिडकी अडकलेली आहे असं यात आहे. दवाखान्याने आम्हाला आधीच कळवलं होतं, त्यावर मालकांचं पत्र आलंय, खिडकी चालू आहे, कुणीही येऊन बघा. ती खरंच उघडत नसेल तर ठीक. उघडत असेल तर मुलगी खोटं बोलते म्हणून सगळी तक्रार पातळ करतील."

टिल्ली खाली बघत होती.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी लेक कामावर गेल्यावर विचारलं. "टिल्ले, खिडकीचं असं का सांगितलंस?"

ती गवार निवडत होती. शेंगा बोटांतून निसटत होत्या.

"मग काय सांगू? खिडकी चांगली आहे, आबांनी बंद करायला सांगितली, असं? डॉक्टरांसमोर?"

"अगं, पण..."

"तुम्ही किती खूश होता, आबा. जोड परत येत नाहीत म्हणून. दर महिन्याला मुकादमाला विचारायचात. मी ऑगस्टात दोनदा उघडली होती खिडकी. डोकं हलकं झालं, बरं वाटलं. त्या दोन दिवसांतले चार जोड परत आले, ते मी माझ्या पगारातून भरले. तुम्हाला सांगितलं नाही. मग नाही उघडली."

यापुढे आज लिहवत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

डावं पाऊलही लोंबलं. काम बंद करून तीन आठवडे झाले तरी वाढतंय. डॉक्टरबाईंनी सांगितलंच होतं, पण सांगितलेलं आणि समोर दिसणारं यात फरक असतो. ती भिंत धरून गुडघे उंच उचलत चालते, घोट्याएवढ्या पाण्यातून चालल्यासारखी. संडासात बसलं की उठता येत नाही. लेक उठवते. मी बाहेर उभा राहतो आणि खोकतो, म्हणजे कोणी येत नाही हे तिला कळावं.

मुकादम आला होता, फळं घेऊन. मालक दवाखान्याचा खर्च करायला तयार आहेत. फक्त एका कागदावर लिहायचं, मुलीला लहानपणापासून पायांत अशक्तपणा आहे.

लेक म्हणाली, "लहानपणी ही तीन-तीन वेळा झाडावरून उतरवावी लागायची. लिहू का तेही?"

तो गेल्यावर टिल्ली म्हणाली, "आई, सही करून टाक. आबांचं नाव कुठे यायला नको." लेकीने इतक्या जोरात ताट ठेवलं की शेजारणीने दार उघडून पाहिलं.

सही केली नाही. फळं दोन दिवस तशीच होती, मग मी शेजारच्या पोरांना देऊन टाकली.

९ डिसेंबर, मंगळवार

जबाब लिहिला. चार पानं झाली. साल मी बदललं. पाटी वाचून दाखवून मानू नको म्हणालो. खिडकी मी लावायला शिकवली. सगळं लिहिलं. परत आलेल्या जोडाचे पैसे कापायचा नियमही लिहिला. पहिल्यांदाच माझं अक्षर मला घाणेरडं वाटलं.

संध्याकाळी मावशी आली. बसली नाही. "मास्तर, तुमच्या खिडक्या आणि कायदे तुमच्यापाशी. आत आणखी सहा मुली आहेत, अठराच्या आतल्या. माझी धाकटी त्यांतली एक. तपासणी आली की सहाच्या सहा घरी. मग मी काय, तुमचा जबाब शिजवून घालू?"

मी विचारलं, "तुझ्या मुलीच्या पायाला मुंग्या येतात का गं?"

ती दाराकडे वळली. मग म्हणाली, "मुंग्या कुणाला येत नाहीत?"

२२ डिसेंबर, सोमवार

तपासणी झाली. निरीक्षक बाईंनीच सांगितलं. सगळ्या खिडक्या उघड्या, दोन नवे पंखे, पिंपांच्या जागी पाण्यातल्या सरसाचे डबे. त्या सहा मुलींना सुट्टी दिलेली. हजेरीवर त्यांची नावंच नाहीत. बाई म्हणाल्या, "कुणीतरी आधी कळवलं." मग शिंकल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांच्या ऑफिसातलाच कोणी असणार हे त्यांना ठाऊक असावं. मला त्यांची दया आली. लहान आहेत.

८ जानेवारी, गुरुवार

सुनावणी.

लांब टेबल. एका बाजूला मालक, त्यांचा वकील, मुकादम. दुसऱ्या बाजूला आम्ही. मधे मोठे साहेब, शेजारी निरीक्षक बाई.

वकिलाने विचारलं, "तुम्ही अडतीस वर्षं सोल्युशनमध्ये काम केलंत. तुम्हाला काही झालं?"

"नाही. आमच्या वेळी सोल्युशन बोटभर लागायचं. शिवाय ते वेगळं होतं."

"वेगळं होतं हे तुम्हाला कशावरून माहीत?"

मला माहीत नव्हतं. डॉक्टरबाईंनी सांगितलं म्हणून म्हणालो. त्याने मान हलवली, जणू मी त्याच्याच बाजूचं बोललो.

मग मुकादम उभा राहिला. माझ्याकडे न बघता बोलला. मुलीने ऑक्टोबरात जागा बदलून मागितली होती. मशीन रिकामं होतं. आम्ही द्यायला तयार होतो. घरच्या मोठ्यांना विचारलं, तेच नको म्हणाले.

मोठे साहेब म्हणाले, "आजोबा, हे खरं आहे?"

टपरीवर आम्ही दोघंच होतो. चहावाला सोडून तिसरं कोणी नव्हतं, आणि चहावाला काय ऐकतो. मी "नाही" म्हटलं असतं तर त्याच्या शब्दाला माझा शब्द. हे लेकीला माझ्याआधी कळलं. टेबलाखाली तिने माझं धोतर धरून ओढलं. आदल्या दिवशी तिने मला तीनदा बजावलं होतं, नको तिथे सत्यवादी होऊ नका, बाबा. टिल्ली मात्र माझ्याकडे बघत नव्हती. ती मुकादमाकडे बघत होती. तेव्हा मशीन रिकामं होतं हे तिला आजच कळलं होतं. तिने शिलाई मागितली होती, ती देऊ केली गेली होती, आणि मी ती नाकारली होती. मुकादमाने तेव्हा तिला एवढंच सांगितलं असणार, जागा नाही.

मी म्हटलं, "खरं आहे. मी म्हणालो, बसू दे, सवय होईल."

लेकीने धोतर सोडलं.

"पण साहेब," मी म्हटलं, "पाय तिचे होते आणि विचारलं मला. ती सांगत होती की मानवत नाही. मी तिथे कोण? मी रिटायर माणूस, टपरीवर चहा पीत होतो. तिने मागितलं त्या दिवशी तिला उठवायला माझी परवानगी कशाला लागली?"

निरीक्षक बाईंनी ते लिहून घेतलं. मोठ्या साहेबांनी घड्याळ पाहिलं.

घरी आल्यावर लेक कुलूप काढता काढता म्हणाली, "आयुष्यात एकदा खोटं लिहिलंत ते तिच्या मुळावर, आणि एकदा खरं बोललात तेही तिच्याच मुळावर." त्यानंतर झोपेपर्यंत माझ्याशी जेवायला चला याशिवाय शब्द नाही.

टिल्ली बोलते. उलट तीच जास्त बोलते माझ्याशी. मला ते सोसत नाही.

१९ जानेवारी, सोमवार

निकाल आला. पोस्टाने येण्याआधी निरीक्षक बाईंनी फोनवर वाचून दाखवला. मागणी मुलीची होती, उत्तर मुलीलाच द्यायला हवं होतं, नातेवाइकाला विचारून मालकाची जबाबदारी टळत नाही. उपचाराचा खर्च आणि भरपाई मालकाने द्यावी. माझं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं होतं त्यात. क्षणभर वाटलं, लेकीला हाक मारावी.

मग बाई म्हणाल्या, "आजोबा, ते अपील करणार. केलंच असेल." किती दिवस? "दीड वर्ष धरा. दोन." तोवर काही मिळेल? "नाही."

अल्पवयीन मुली ठेवू नयेत असाही हुकूम आहे. मालकांना प्रत चार दिवस आधीच मिळाली, त्या सहाही मुलींना त्यांनी त्याच दिवशी काढलं, कागद दाखवून. मावशी गल्लीत भेटली. मला वाटलं शिव्या देईल. ती म्हणाली, "आता माझी पोर घरीच करते. मालक पिंप घरी पाठवतो, नगावर पैसे. आमच्या घराला खिडकीच नाही, मास्तर. आता कुणाला शिकवाल?"

मी तिच्या घरी गेलो. मुलगी दारातच बसली होती, मांडीवर सोल, हातात ब्रश. मी तिला सगळं सांगितलं, मुंग्या, टाचणी, लोंबणारं पाऊल. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग दुसरं काम द्या ना, आजोबा." माझ्याकडे नव्हतं. दहा जागी विचारलं, कुठेच नाही. लॉन्ड्रीत लेकीच्या हाताखाली एक जागा आहे, पण लेकीशी बोलायची माझी हिंमत नाही झाली. उद्या करतो.

२३ जानेवारी, शुक्रवार

बोललो. लेकीने ऐकलं आणि चप्पल घालून मावशीकडे गेली. लॉन्ड्रीवाल्याने मुलीचं वय विचारलं आणि नको म्हणाला. हुकूम त्याच्याही कानावर गेलाय.

११ फेब्रुवारी, बुधवार

अपिलाला आपलं म्हणणं द्यायचं होतं. कामगार कार्यालय, दुसरा मजला. या खेपेला लेकीला एकटीला झेपेना. टिल्ली हलकी झालीय, पण पाय आधार देत नाहीत, नुसते लोंबतात, त्यामुळे सगळं वजन उचलणाऱ्याच्या हातांवर येतं. खालच्या झेरॉक्सवाल्याने मदत केली. खुर्चीसकट उचलली.

निरीक्षक बाईंनी कागद वाचून दाखवला. टिल्लीने दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. "मुकादमाला मी एकदा नाही, दोनदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा म्हणाला, फार बोलतेस." बाईंनी तसं घातलं. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

"आता सही. तुझीच लागेल. आजोबांची नाही, आईची नाही."

टिल्लीने पेन घेतलं. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, पाय झाले की हात. मला वाटत होतं हाताचं थांबलंय, थंडीने थरथरत असेल. पेन तिने अंगठा आणि तर्जनीत धरलं, ते फिरून आडवं पडलं. पुन्हा धरलं. मग मुठीत धरलं. कागदावर एक रेघ उमटली, पावलांखालून वाळू सरकल्यासारखी खाली गेली आणि टेबलावर संपली. तिने पेन हळूच ठेवलं आणि ती रेघ ओढली गेली त्याबद्दल बाईंची माफी मागितली.

बाई म्हणाल्या, "काही हरकत नाही. नवीन प्रत काढते." प्रत निघाली. त्यांनी ड्रॉवर उघडून शाईचा पॅड काढला. त्यावर धूळ होती, त्यांनी ती पदराने पुसली. आम्हा दोघांकडे न बघता पॅड पुढे सरकवला.

दहावी पास पोर. आमच्या घरात दहावी झालेली पहिली. आपल्या दोन्ही अंगठ्यांकडे बघत राहिली, आणि मग माझ्याकडे वळून, शाळेत शंका विचारावी तशा साध्या आवाजात म्हणाली, "आबा, कुठला असतो?"

"डावा," मी म्हटलं.